निळं झाकण

ही रात्रीची गोष्ट नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

भर दुपार होती. आम्ही दोघी नुकत्याच डबा खाऊन उठलो होतो. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. पलीकडच्या अर्धवट इमारतीवर गवंडी रेडिओ लावून काम करत होते.

तेव्हा "अंधारात भास झाला असेल" असं मला कुणी म्हणू नये.

पदरचं एक अक्षर घालत नाही. ज्याचं नाव घेऊन सकाळी डोळे उघडते, त्याला स्मरून लिहिते आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची. घरात तिला आम्ही गोटी म्हणतो. लहानपणी फ्रॉकच्या खिशात दगडगोटे भरून आणायची. ताई कपडे धुताना वैतागायची, "ही कार्टी एक दिवस मशीन फोडणार." मशीन खरंच फुटलं. आणि कार्टीनं मोठी झाल्यावर विद्यापीठात भूशास्त्रच घेतलं.

जमिनीखालचं पाणी, बंद पडलेल्या खाणी, माणसानं जमीन आतून पोखरून ठेवली की पुढे तिचं काय होतं... असला तिचा अभ्यास. ती सांगायला लागली की मी ऐकत बसायचे. निम्मं कळायचं नाही. पण एखाद्यानं मन लावून सांगितलेलं ऐकण्यात एक सुख असतं, ते मिळायचं.

शेवटच्या वर्षाला तिला जे काम मिळालं, ते मात्र मला नीट कळलं. तुम्हालाही कळेल.

शहराच्या कडेला एक मोठं रिकामं मैदान होतं. वर वाळकं गवत, भोवती तारेचं कुंपण. खाली जुनी खाण. केव्हाचीच बंद. आता त्या मैदानावर घरं बांधायची होती. त्याआधी जमिनीतल्या सगळ्या जुन्या बोअर तपासायच्या होत्या.

जी बोअर कोरडी, तिच्यावर लाल झाकण. ती पातळ सिमेंट ओतून कायमची बुजवायची.

जिच्यात पाणी, तिच्यावर निळं झाकण. ती उघडी ठेवायची, म्हणजे दर वर्षी पाण्याची पातळी मोजता येते.

लाल की निळं... हे गोटीनं ठरवायचं.

वाटतं सोपं. पण आदल्या वर्षी एका मुलानं घरी बसून आकडे ठोकून दिले होते, त्यामुळे विभागाची अब्रू गेली होती. या वेळी बाहेरून येणारे परीक्षक स्वतः मैदानावर येणार होते. मनाला येईल ते झाकण उघडून तपासणार होते. तिच्या विभागाच्या सरांनी मुलांना बजावलं होतं, "एक झाकण चुकलं की सगळं काम खोटं धरलं जाईल."

आणि गोटीला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती. मोठ्या मुश्किलीनं. हे काम खोटं ठरलं असतं, तर ती जागा हातची गेली असती.

फील्डवर एकट्यानं जायचं नाही, असा त्यांचा नियम. तिच्या जोडीदारिणीचा पाय मुरगळला. ताईला ऊन सोसत नाही. मी नोकरीतून मोकळी झालेली, घरी बसून माशा मारत होते, आणि गाडी चालवता येते. झालं! गोटी म्हणाली, "मावशी, तू फक्त सावलीत बस. मी पडले तर ओरड."

"आणि मी पडले तर?"

"मग मी हसेन. नंतर ओरडेन."

अशी आमची वरात रोज निघायची.

*

तिचं मोजायचं यंत्र मला फार आवडायचं. मोठ्या रिळावर गुंडाळलेली लांबच लांब टेप. टेपच्या टोकाला पेन्सिलीएवढी स्टीलची नळी. ती बोअरमध्ये सोडत जायची. नळी पाण्याला टेकली की वर रिळातून आवाज येतो.

पीं...

पाण्यात आहे तोवर आवाज थांबत नाही. सलग. उचलली की बंद.

प्रत्येक वेळी सोडण्याआधी गोटी बोट ओलं करून ती नळी चिमटीत धरायची. ओल्या बोटानंही वाजते. म्हणजे सेल चालू आहे, यंत्र ठीक आहे.

चिमटीत धरली... पीं.

सोडली... गप्प.

हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी आमचं काम जवळजवळ आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटच्या गाड्या येणार होत्या. गोटी कुंपणाच्या कडेनं उगाच एक फेरी मारायला गेली, आणि तिथूनच तिनं हाक मारली.

"मावशी, इकडे ये गं!"

झुडपाच्या बुडाशी एक लोखंडी पाईप जमिनीतून वीतभर वर आलेला होता. अरुंद. इतर बोअरच्या निम्मा. तोंडावर गंजलेली पत्र्याची चकती.

"ही नकाशावर नाही," ती म्हणाली.

"मग सोडून दे."

"सोडून कशी देऊ? पुढे परीक्षकांना दिसली तर?"

तिनं चकती उचकटली.

आता, प्रत्येक बोअर उघडली की आतून हवा यायची. गार, ओल्या मातीच्या वासाची. कुणीतरी निःश्वास सोडावा तशी. मला सवय झाली होती.

या बोअरमधून हवा आली नाही.

गोटीच्या बाहीला चिकटलेली गवताची एक काडी सुटली... पाईपच्या तोंडावर क्षणभर थरथरली...

आणि आत ओढली गेली.

"ही श्वास आत घेतेय गं," मी म्हटलं.

"हवेचा दाब बदलला की असं होतं मावशी. खाली पोकळी मोठी असली की बोअर कधी हवा सोडते, कधी घेते. पुस्तकात आहे."

पुस्तकात असेल. पण मी दोन पावलं मागे सरले.

तिनं बोट ओलं करून नळी तपासली. पीं. ठीक. मग टेप सोडायला लागली.

टेप जात राहिली.

इतर बोअर जिथे संपायच्या, त्याच्याही खाली गेली. गोटीच्या कपाळावर आठी पडली. रिळावर टेप थोडीच उरली होती. मग ती सैल पडली. तळ लागला.

आवाज नाही.

"कोरडी," गोटी म्हणाली. "चल, लाल झाकण दे."

मी पिशवीत हात घातला.

आणि...

पीं.

लहानसा आवाज. लगेच बंद.

आम्ही दोघींनी रिळाकडे पाहिलं.

"पाण्याचा थेंब असेल," गोटी म्हणाली. "पाईपच्या आतून ओघळतो. नळीवर पडला की खोटा आवाज येतो. हलवलं की जातो." तिनं टेप वरखाली दोनदा झटकली.

शांतता.

पीं... पीं.

बरोबर दोनदा.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पोरगी घाबरट नाही. पण तिच्या ओठांचा रंग उतरला होता.

तिनं पुन्हा झटकली. या वेळी एकदाच.

पीं.

"गोटे," मी म्हटलं, "थेंबाला मोजता येतं का गं?"

ती भराभर टेप वर गुंडाळायला लागली. टेपवर धूळ होती, कोरडी, पिठासारखी. मीच फडक्यानं पुसत होते. आणि शेवटचा हातभर तुकडा वर आला...

तो स्वच्छ होता.

लखलखीत. आधीच कुणीतरी पुसून ठेवल्यासारखा.

आणि नळी कोरडी ठणठणीत.

*

गोटीनं ठरवलं की यंत्र बिघडलं आहे. मला वाटतं, तिला तसं ठरवणं भागच होतं. दुसरं यंत्र सरांच्या गाडीत होतं, आणि सर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्या फोनला रेंज नव्हती.

तिनं टेप पुन्हा तळाशी सोडली आणि रीळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"धरून बस. माझ्या मागे वाजलं, तर किती वेळ वाजतं बघ."

"मी एकटी?"

"मावशी, भर दुपार आहे!"

ती पळत गेली. गवतातून तिची टोपी लहान लहान होत गेली.

मग माझ्या एक गोष्ट ध्यानात आली.

रेडिओ ऐकू येत नव्हता.

गवंडी दिसत होते. विटा झेलत होते. रस्त्यावरून ट्रक गेला, तोही दिसला. पण आवाज... नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं. त्या पाईपनं नुसती हवाच नाही, आजूबाजूचा सगळा गलकाच आत ओढून घेतला होता.

मला भीती वाटली की मी गाते. सवयच आहे. गळा काही गोड नाही, पण लहानपणापासून भजनाला बसत आले आहे, त्यामुळे ताल पक्का. मी डोळे मिटले आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात देवाचं नाव गायला लागले. पायानं मातीवर ठेका धरला.

पहिली ओळ झाली.

दुसरी झाली.

तिसऱ्या ओळीला, जिथे टाळी पडायची...

पीं.

माझा पाय थांबला. गळा थांबला. मांडीवरचं रीळही गप्प.

वाटलं, योगायोग. असेल. मी पुन्हा सुरू केलं.

समेवर... पीं.

पुढची ओळ. समेवर... पीं.

मी लय वाढवली. तेही वाढलं. मी उतरवली. तेही उतरलं. कधी चुकलं नाही. शपथेवर सांगते, आमच्या भजनात वर्षानुवर्षं बसणाऱ्या बायका चुकतात, ते चुकलं नाही.

मग मी गप्प झाले.

पीं...

एकटंच.

थोडं थांबून...

पीं...?

लिहिताना हसू येईल तुम्हाला, पण तो प्रश्न होता. लहान मूल पदर ओढतं ना, "सांग ना पुढे," तसा.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही एकाच वेळी. रीळ टाकून पळावं असं वाटत होतं. आणि टाकवतही नव्हतं.

मी पुढची ओळ गायले.

पाठीमागे गोटी येऊन उभी होती. तिच्या हातात दुसरं यंत्र होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मावशी," ती एवढंच म्हणाली, "थांबू नकोस."

*

सर तिच्या मागोमाग चालत आले. उंच माणूस, मातीच्या रंगाची टोपी, बोलणं मोजकं. आम्हा दोघींकडे पाहून म्हणाले, "काय झालं? साप निघाला का?"

गोटीनं सांगितलं. सरांनी दुसरं यंत्र घेतलं, बोट ओलं करून तपासलं, स्वतःच्या हातानं खाली सोडलं.

तळ लागला. शांतता.

सर माझ्याकडे वळले. "हे बघा मावशी, जुन्या पाईपांमध्ये..."

पीं.

सरांचं वाक्य तिथंच राहिलं.

मग त्यांनी पाण्याचा नमुना घ्यायची नळी दोरीनं खाली सोडली. ही पोकळ असते, तळाला झडप. पाणी असेल तर भरून येते. ती वर आली. कोरडी. सरांनी आत बोट फिरवलं. बोटाला धूळसुद्धा लागली नाही.

"कोरडी आहे," ते म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"सर, ही कशासाठी मारली असेल?" गोटीनं विचारलं. "पाण्यासाठी एवढी अरुंद नाही मारत."

सर बराच वेळ पाईपच्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिले. एका बाजूला लोखंडाची कड घासून गुळगुळीत झाली होती. विहिरीच्या काठाला दोरीचा चरा पडतो, तशी.

"खाणीत माणसं अडकली की वरून अशी बोअर मारतात," ते म्हणाले. "हवा जाते. दोरीनं पाणी सोडता येतं, औषध सोडता येतं."

"मग पोचली असेल ना?"

"इथले थर तिरके आहेत. तू स्वतःच मोजलेस ना? तिरक्या थरात ड्रिल सरळ जात नाही. वाकत जातं. वर उभ्या माणसाला वाटतं, बरोबर चाललंय. खाली गेल्यावर बोगदा राहतो बाजूला."

"किती बाजूला?"

"कधी कधी... एक भिंत."

मी त्या घासलेल्या कडेकडे पाहत होते. "मग ही दोरी?"

"सोडत राहिले असतील," सर म्हणाले. "कळलं नसेल त्यांना. रोज सोडायची. वर ओढायची. कुणी काही घेतलं का बघायचं."



बोअरमधून काही आवाज आला नाही. कुणीतरी कान देऊन ऐकतंय, असं मात्र वाटत होतं.

मग सर एकदम उठले आणि हात झटकले. "लाल झाकण लाव."

"सर, पण..."

"पाणी आहे का? नाही. मग कोरडी. उघडी बोअर ठेवायची म्हणजे गंमत नाही. खालून विषारी हवा येते. उद्या इथे घरं होतील, पोरं खेळतील."

"सर, तुम्हीच शिकवलंत. आधी जे घडलं ते नोंदवायचं, अर्थ नंतर लावायचा. यंत्र वाजलं. दोन यंत्रं वाजली."

"आणि नमुना कोरडा आला. तेही घडलं." सरांचा स्वर मऊ झाला. "पोरी, परीक्षकांनी हेच झाकण उघडलं आणि आत कोरडं निघालं, तर मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही. तुझी जागा जाईल. मी म्हणतो म्हणून नको लावू. तुझं काम आहे, तू ठरव. पण सकाळी सिमेंट येतंय."

ते निघून गेले. जाताना एकदाही मागे पाहिलं नाही. आणि चालणं असं, की माणूस पळत नाही एवढंच.

*

गोटी पाईपजवळ मांडी घालून बसली. एका हातात लाल झाकण, एका हातात निळं.

"मावशी, सांग ना."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मग कुणाला कळतंय?"

मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, "मोठी माणसं सांगायची, अशा हाकेला ओ देऊ नये. दिली की ते मागे लागतं. हे मीही ऐकलंय."

"मग लाल?"

वाटत होतं, हो म्हणावं. गाडीत बसावं, घरी जाऊन गार पाण्यानं तोंड धुवावं, देवापुढे दिवा लावावा, विषय संपला. तिचं शिक्षण, तिची जागा, ताईचं तोंड... सगळं डोळ्यापुढे होतं.

पण त्या तालाचं काय करू?

"गोटे," मी म्हटलं, "मी रोज सकाळ-संध्याकाळ देवाला हाका मारते. आजवर कुणी मला ओ दिली का, सांगता येणार नाही. पण त्यानं वरून लाल झाकण लावून टाकलं असं मला कळलं ना... तर माझं काय होईल गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुझी जागा गेली तर ताई मला उभी चिरेल," मी म्हटलं. "तेही खरं."

तेव्हा ती हसली. रडता रडता हसली. आणि निळं झाकण पाईपवर बसवून पक्कं फिरवलं.

झाकण बसलं... आणि रेडिओ ऐकू आला.

रस्ता, ट्रक, गवंड्यांची आरडाओरड, सगळं एकदम. धरण फुटावं तसं.

*

दुसऱ्या दिवशी लाल झाकणांच्या बोअर बुजवल्या. पुढच्या आठवड्यात परीक्षक आले. मैदानात निळी झाकणं बरीच उरली होती. ते चालत चालत थेट कुंपणाकडे गेले. "ही उघडा."

गोटी नंतर मला सांगत होती, "मावशी, मला वाटलं संपलं."

परीक्षकांनी टेप सोडली. तळ लागायच्या कितीतरी आधीच...

पीं...

सलग. अखंड. थांबेचना. पाण्यात वाजतं तसं.

"उत्तम," परीक्षक म्हणाले, आकडा लिहून घेतला आणि पुढे गेले. नमुना घ्यायची गरज त्यांना वाटली नाही.

त्या वेळी सर शेजारी उभे होते. त्यांनी टेप वर येताना पाहिली. गोटीनंही पाहिली. कोरडी होती.

पाणी नव्हतं. मग सलग वाजलं कसं?

गोटी म्हणते, कुणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवलं तर वाजेल.

ती पास झाली. तिची जागा राहिली. ताईनं मला साडी घेतली. मी ती नेसले, पण साडी कशाबद्दल, असं कुणी विचारलं तर सांगितलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती. उलट दहा जणांना अभिमानानं सांगितली असती, की आम्ही एका जीवाची वाट बुजवू दिली नाही.

पण निळ्या झाकणाचं एक असतं. दर वर्षी कुणीतरी येऊन पातळी मोजतं.

पुढच्या वर्षीच्या मुलांनी मोजली. पाणी थोडं वर आलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर.

"खाण बंद पडली की पाणी हळूहळू वर चढतंच," गोटी मला म्हणाली. "उपसणारे पंप थांबतात ना. यात काही विशेष नाही." तेव्हा ती मोठं शिक्षण घेऊन परत आली होती, त्याच विभागात शिकवायला लागली होती. बोलणं एकदम बाईंसारखं. मलाही धीर आला.

मग एक दिवस तिनंच आजूबाजूच्या बोअरचे आकडे पाहिले.

त्यांचं पाणी जागच्या जागी होतं. वर्षानुवर्षं. बोटभरही हललेलं नव्हतं.

फक्त त्या एकाच बोअरमधलं वर येत होतं. आणि नमुन्याची नळी दर वेळी कोरडी येत होती. मुलं लिहायची, "झडप बिघडली असावी." दर वर्षी नवी मुलं, दर वर्षी तेच वाक्य.

सर आता निवृत्त झालेत. गोटी त्यांना भेटायला गेली होती. त्यांनी चहा दिला, तब्येतीचं विचारलं. मैदानाचं नाव काढल्यावर म्हणाले, "साखर कमी झाली का?" आणि आत निघून गेले.

मैदानावर आता घरं आहेत. कुंपण गेलं. ती बोअर एका कुटुंबाच्या अंगणाच्या कोपऱ्यात आली आहे. झाकणावर त्यांनी कुंडी ठेवली आहे. चांगली माणसं आहेत. मोजायला गेलं की पाणी विचारतात. दोन लहान मुली आहेत.

या वर्षी एका विद्यार्थिनीनं झाकण काढलं. टेपची नळी नुसती पाईपच्या तोंडात धरली. कोपराएवढीसुद्धा आत गेली नव्हती.

पीं...

मुलगी हुशार. तिनं बॅटरी लावून आत पाहिलं. पाणी एवढं वर आहे म्हणजे चमकायला हवं.

चमकलं नाही.

तिला काय दिसलं, ते ती सांगत नाही. फील्डवर जायला तयार नाही. तिची आई विभागात येऊन गोटीला बरंवाईट बोलून गेली. गोटीनं ऐकून घेतलं.

परवा संध्याकाळी गोटीचा फोन आला. आवाज मला लगेच कळला. निळं-लाल झाकण हातात धरून बसली होती ना, तोच आवाज.

"मावशी, विभाग म्हणतोय, बुजवून टाका. सिमेंटची गाडी बोलावली आहे. पण झाकण लाल करायचं तर सही माझी लागणार."

"मग?"

"एवढं वर आल्यावर... आता ओतू सिमेंट?"

 

तिकडे अंगणात दोन पोरी खेळतात. इकडे एवढ्या खालून, एवढ्या वर्षांनी, वीत वीत करत कुणीतरी वर आलंय. ते चांगलं आहे की वाईट, मला ठाऊक नाही. त्या दुपारी ताल धरणारं आणि हे वर येणारं, दोन्ही एकच आहे का, तेसुद्धा ठाऊक नाही. मी रोज देवाला विचारते. तो नेहमीसारखा गप्प.

उद्या सकाळी आम्ही जाणार आहोत. उजेडात. गोटी म्हणाली, "सिमेंटची गाडी लांब थांबवू आणि आधी तू गाऊन बघ." मी हो म्हटलंय. गाणं काही जड नाही.

जड वेगळंच आहे.

तो खालचा वर आला, तर आधी आपल्या माणसांबद्दल विचारेल. दोरी सोडणाऱ्यांबद्दल. ती आता कुठे आहेत, त्याची वाट बघून कधी थांबली...

त्याला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.